फाटकवाली पाहुणी

"फुलं घे आधी, हात अवघडले माझे," झेनोन उंबऱ्यातूनच ओरडला. "आणि केक सफरचंदाचा नसेल तर इथूनच परत फिरतो मी."

"फिर की. तू पोचायच्या आत फाटक बंद करते," गोशा म्हणाली, आणि फुलं घेतली.

रेल्वेफाटकाला खेटून तिचं घर. या गावात लग्न होऊन आली, तेव्हापासून तेच फाटक ती उघडत-मिटत आली होती. आमच्या कॅलेंडरात प्रत्येक दिवस कुठल्या ना कुठल्या संताच्या नावाचा; जुलैत माउगोझाता या नावाचा दिवस येतो. नावाच्या दिवशी आमच्याकडे कुणाला बोलवायचं नसतं. ज्याला आठवण असते, तो येतो. आणि माउगोझाताला लाडाने गोशाच म्हणतात. त्यामुळे त्या दिवशी गोशाच्या दारात गाव यायचं. नवरा गेला, तरी फुलं चुकली नव्हती.

आज झेनोनसोबत त्याची सून साबिना होती. दिवस भरत आलेले. गोशाने बशा मांडल्या: तीन माणसांना चार. एक बशी जास्तीची ठेवायची तिची सवय गावाला ठाऊक होती.

"मावशी, मुलगी आहे," साबिना म्हणाली. "मी ठरवलंय, तुमचंच नाव ठेवणार. माउगोझाता. म्हणजे मोती ना?"

"मोती," गोशा म्हणाली. सुरी केकमध्येच राहिली.

"मग तोंड का पडलं? मोत्याची नथ मागतेय का ती?" झेनोन हसला.

गोशा खुर्चीत बसली. आज गप्प राहिलं तर आपलं म्हणून भलतंच नाव त्या मुलीला लागणार, आणि आपलं खरं नाव आपल्याबरोबर मातीत जाणार.

"साबिना, मी माउगोझाता नाही गं."

"मग कोण, पोप?" झेनोन म्हणाला.

"गोश्चिस्वावा."

झेनोनने आणलेल्या फुलांकडे पाहिलं.

"एवढी वर्षं आम्ही भलत्याच बाईची फुलं तुला देत होतो?" झेनोन म्हणाला. "अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही येत होतात ना. बोलले असते तर कुठल्या दिवशी आला असतात? कॅलेंडरात हे नावच नाही."

साबिना खुर्ची सरकवून पुढे आली. "गोश्च म्हणजे पाहुणा. स्वावा म्हणजे कीर्ती. पाहुण्यांमुळे जिची कीर्ती, ती? कुणी ठेवलं असं नाव?"

"बाबांनी. नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण मांडलेलं. अवचित येणाऱ्या पाहुण्याचं रिकामं ताटही मांडलेलं. सूप वाढलं आणि आईला कळा सुरू झाल्या. त्या दिवशी कॅलेंडरात ईव्ह हे नाव असतं, सगळे म्हणाले ईव्हच ठेवा. बाबा म्हणाले, ताट जिचं, नाव तिचं. पाद्री म्हणाले, या नावाची कुणी संत झाली नाही. बाबा म्हणाले, मग ही पहिली होईल."

"झालीस का?" झेनोनने विचारलं.

"तुझ्यासारख्यांना केक खाऊ घालते, अजून काय व्हायचं?"

साबिना हसली नाही. "मग का टाकलंत ते नाव?"

"शाळेत पोरं विचारायची, पाहुणीबाई, परत कधी जाणार? रोज. इथे आले तेव्हा नुसतं गोशा सांगितलं. पुढचं तुम्हीच जोडलंत." ती बशीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "बाबा झोपवताना गायचे,

*ताट मांडिलं पाहुण्याला,*
*पाहुणी आली पाळण्याला.*

त्यांच्यामागे पुरं नाव घेऊन कुणी हाक मारली नाही."

बाहेर घंटा वाजली. गोशा उठली, टोपी घातली, अंगणातून फाटकाशी गेली. हँडल फिरवलं, लाल-पांढरे दांडे खाली आले. पलीकडे गवताने भरलेला ट्रॅक्टर येऊन थांबला.

मागे खिडकी उघडली. साबिना नाव जिभेवर घोळवून पाहत होती, नव्या चपला घालून खोलीत चालून पाहावं तशी. एकदा अडखळली. मग आगगाडीच्या धडधडीवरून तिची हाक आली, लांब, पुरी:

"गोश्चिस्वावा! चहा निवतोय!"

गाडी गेली. रूळ थरथरून शांत झाले. दांडे तसेच आडवे. ट्रॅक्टरवाल्याने भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला, मग मान बाहेर काढली. "काय झालं हो, गोशाबाई?"

तिने हँडल फिरवायला घेतलं.

घरात आली तेव्हा झेनोन खाली मान घालून खात होता. जास्तीच्या बशीत केकचा एक पातळ तुकडा ठेवलेला होता. साबिनाने ती बशी आपल्या पोटाजवळ ओढून घेतली होती.

"चिडवतील गं तिला," गोशा म्हणाली.

"चिडवू देत," साबिना म्हणाली. "तुम्ही कुठे परत गेलात?"