पहारेला लावलेला कान

टाकीपासून निघालेला पाइप खालच्या आळीपर्यंत पोहोचला होता, पाणी मात्र काही पोहोचत नव्हतं. चर साऱ्या गावाने मिळून खणला होता. टाकीसाठी माळावरची जागा थोरल्या घराच्या म्हाताऱ्यांनी दिली होती आणि पाणी सोडायचं काम गावाने त्यांच्या सुनेवर सोपवलं होतं. म्हणून तिला सगळे पाणीवाली म्हणायचे. हल्ली खालच्या आळीत हे नाव दातओठ खात घेतलं जाई.

त्या सकाळी लोहारकाका आपली आळी घेऊन तिच्या दारात आले. आज गळती सापडली तर ठीक, नाहीतर आम्ही पुरलेला पाइप आम्हीच उपटून नेऊ, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं, असं तिला वाटलं. एक आळी फुटली की बाकीच्या फुटायला वेळ लागणार नव्हता.

उपाय एकच होता. गावातले सगळे नळ बंद करायचे, टाकीतून पाणी चालू ठेवायचं आणि पाइपावर जागोजागी पहार रोवून तिच्या टोकाला कान लावायचा. खाली पाणी निसटत असेल तर लोखंड सांगतं. जिथे आवाज सगळ्यात मोठा, तिथे खुणेला मूठभर चुना टाकायचा आणि खणायचं.

ऐकणार कोण, असं काकांनी विचारताच सासरे पुढे झाले.

“आमची सूनबाई. मी मनातल्या मनात हिला नावं ठेवली, तरी हिला ऐकू जातं.”

लोक हसले. काका हसले नाहीत.

ती टाकीकडून निघाली. पहार रोवायची, कान टेकायचा, डोळे मिटायचे. मागे सारं गाव गप्प, कडेवरची लेकरंसुद्धा. आधी बारीक सळसळ ऐकू आली. वळणावर ती वाढली. देवळामागे आणखी वाढली. आणि पाइप तर तिच्याच घराकडे चालला होता. उन्हाचं कशाला थांबता, आमच्या दारात काय ऐकायचंय, पुढे चला, असं सासरे दोनदा म्हणाले.

तिने दारातच पहार रोवली. कानात धो धो आवाज भरला. ती घर ओलांडून पुढे गेली, तिथे ऐकलं. काहीच नाही. परत दारात आली. पुन्हा तोच आवाज.

गोठ्यामागचा हौद तिने कधी रिकामा पाहिला नव्हता. मामंजी या वयातही पहाटे उठून विहिरीचं पाणी ओढतात, असं ती चारचौघांत कौतुकाने सांगत आली होती.

“काही नाही ना, सूनबाई?” सासरे हळूच म्हणाले.

पहारेत काय वाजतंय, ते तिच्याशिवाय कुणालाच कळणार नव्हतं. ‘नाही’ म्हटलं की संध्याकाळी घर जसंच्या तसं राहणार होतं. मुठीतला चुना घामाने भिजू लागला. समोर काकांची म्हातारी आई रिकामी कळशी कडेवर घेऊन उभी होती. ओरडत नव्हती, नुसती बघत होती.

पाणीवालीने मूठ उघडली. स्वतःच्या उंबऱ्यापाशी चुना पडला.

सासऱ्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

“जागा माझी,” ते म्हणाले. “चार बादल्या जास्त घेतल्या, तर कुणाचं काय गेलं?”

तिने पुन्हा पहारेला कान लावला.

“जागा तुम्ही गावाला दिलीत, मामंजी. आत जाऊन हौदाचा नळ बंद करून या. मी ऐकतेय.”

मग चपला वाजल्या, गोठ्याकडे गेल्या. धो धो आवाजाची सळसळ झाली, सळसळीचा धागा झाला आणि तो तुटला.

“थांबलं,” ती म्हणाली.

सासरे बाहेर आले ते थेट काकांपाशी. काकांच्या हातातली कुदळ घेऊन त्यांनी आपली चोरटी जोडणी उखडायला चुन्यावर पहिला घाव घातला.

“कान जरा जास्तच तिखट निघाले,” ते खाली बघतच म्हणाले.

ते तिच्याकडे काही बघेनात. तीही थांबली नाही. पहार खांद्यावर टाकून खालच्या आळीचे नळ उघडायला निघाली.