यंदा खालचं शेत कोणाकडे

दोन भाऊ, दोन शेतं आणि वडिलांनी घालून दिलेला एक नियम: दरवर्षी पिकं निघाली की शेतांची अदलाबदल करायची. नदीकाठचं खालचं शेत म्हणजे नुसतं लोणी, वरचं मुरमाड. एकाच्याच ताटात लोणी पडू नये म्हणून हा उपद्व्याप. थोरल्या सुनेला हा नियम नवऱ्यापेक्षा भरवशाचा वाटायचा. नवरा ऐन वेळी "जाऊ दे" म्हणायचा, नियम म्हणत नसे.

मग योजना आली. नदी फुगली की पुढचं शहर बुडतं, तेव्हा शहराऐवजी शेतं बुडवावीत, असा थोर विचार कोणाला तरी सुचला होता, अर्थातच शहरात बसून. खालच्या शेताभोवती उंच बांध घालायचा, त्याला लोखंडी दरवाजा बसवायचा आणि पूर आला की तो उघडायचा. शेताने फक्त पाणी धरून ठेवायचं, बाकी सगळं आम्ही बघू, असं योजनेच्या साहेबांनी गावच्या सभेत सांगितलं. धाकट्या दिराने सगळ्यांच्या आधी हात वर केला. शहरातली माणसं आपलीच नाहीत का, असं त्याने कळवळून विचारलं. त्या वर्षी खालचं शेत थोरल्याकडे होतं, हा निव्वळ योगायोग.

पूर आला, शेत बुडालं, शहर वाचलं. शहराने कृतज्ञतेची एक सुरेख पाटी पाठवली. ती बांधावर चिखलाकडे तोंड करून उभी राहिली.

अदलाबदलीची वेळ आली तसा धाकटा मोठ्या मायेने घरी येऊन बसला. दादाला आता चिखलाची सवय झालीय, उगाच नव्याने कोणाला कशाला त्रास, यापुढे ज्याचं त्याच्याकडेच राहू दे, असं त्याचं म्हणणं. नवऱ्याने ओठ उघडले. तो काय म्हणणार हे ओळखून थोरलीने त्याच्या हातात चहाचा कप कोंबला, फावडं उचललं आणि थेट वरच्या शेतात जाऊन कामाला लागली. हा दीर लहान असताना तिने त्याला स्वतःच्या हाताने भरवलं होतं. तोच आपल्याला कायमचं बुडवायला निघाला, हे तिच्या जिव्हारी लागलं. शेवटी धाकट्याने खाली कोबी लावला.

त्या दिवसापासून थोरली पुराची वाट पाहू लागली. हे वाईट आहे, हे तिला कळत होतं. पण पाणी त्याच्या पिकात शिरताना एकदा त्याचा चेहरा बघायचाच, असं तिने मनाशी धरलं होतं.

कोबी काढणीला आला आणि नदीही आली. थोरली बांधावर पोचली तेव्हा शहरावर जीव टाकणारा दीर दरवाजा उघडायच्या चाकावर ठाण मांडून बसला होता. खाली त्याची बायको मिळतील ते गड्डे कापून टोपलीत टाकत होती. साहेब थोरलीला म्हणाले, तुम्ही मोठ्या, तुम्हीच समजवा. गेल्या वर्षी कोणाला समजवायची गरज पडली नव्हती, असं सुनावून ती दिरापुढे जाऊन उभी राहिली. वर्षभर घोळवलेलं बोलणं जिभेवर तयार होतं. पण लहानपणी ताप चढला की व्हायचा तसा त्याचा चेहरा झाला होता.

"वहिनी," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी तुम्ही खाली याल?"

आता नाही म्हणायची पाळी तिची होती. ती नाही म्हणाली असती, तर तिला नावं ठेवायला कोणाला तोंड नव्हतं.

"येईन," ती म्हणाली. "तुझ्यासारखं वागायला मला जमायचं नाही."

तो उठला. चाकाला हात लावला, पण तो फिरवेना. साहेबांची माणसं पुढे सरसावली, तशी थोरली आडवी आली.

"तुम्ही थांबा. आमचं आम्ही बुडवतो."

तिने जावेला हाक मारून वर बोलावलं. जाऊ बांधावर पोचल्यावरच तिने चाक धरलं. ते जड होतं. मग धाकट्यानेही दुसऱ्या बाजूने जोर लावला. पाणी आत शिरलं आणि कोबीच्या ओळी एकेक करून दिसेनाशा झाल्या. लोकांनी आनंदाने सहकार्य केलं, असं साहेब फोनवर शहराला कळवत होते. जो चेहरा बघायचा म्हणून थोरलीने वर्ष काढलं, तो हातभर अंतरावर होता, आणि तिला तिकडे बघवत नव्हतं.