ताईचा ठिपका

"हा पेशंट तळ्यात राहतो का हो?" मोठ्या मॅडमनी पडद्यावर बोट टेकवलं.

"पोहायला उतरला असेल, मॅडम," ठिपकेदादा म्हणाला.

आरोग्य कचेरीत एचआयव्हीच्या पेशंटांचे पत्ते नकाशावर मांडायचं काम त्याचं, म्हणून हे नाव. कुणाचं घर ओळखू येऊ नये म्हणून संगणक प्रत्येक ठिपका जरासा ढकलून ठेवी. मागे चार ठिपके थेट फौजदाराच्या न्हाणीघरात उतरले, आणि फौजदारीणबाईंनी म्हणे नवऱ्याला आठवडाभर नळावर आंघोळीला धाडलं. खरंखोटं ठिपकेदादाच जाणे!

आज मात्र मॅडम हसल्या नाहीत. गरिबी, शिक्षण, दवाखान्याचं अंतर, सगळं गणितात घालूनही बसस्थानकामागचा भाग तेवढा लालभडक, म्हणजे पेशंटांनी गच्च, राहत होता. औषधाचं नवं केंद्र तिथेच निघणार होतं.

"खोटे पत्ते असणार. माहीत असतील तर आजच सुधारा."

एक त्याला माहीत होता. नवऱ्याकडून आजार घेऊन माहेरी आलेली ताई दोन बस बदलून बसस्थानकामागच्या दवाखान्यात जायची, तिथल्याच लॉजचा पत्ता द्यायची. बसमध्ये गल्लीतलीच माणसं भेटायची. सगळी आपापल्या खिडकीबाहेर बघत. पुढे तिला बसमध्ये चढवेना. औषध सुटलं, ताई गेली. आईने गल्लीत सांगितलं, कावीळ.

जेवायच्या सुट्टीत तो घरी गेला. आई उशीला अभ्रा घालत होती.

"आई, ताईचा पत्ता आपल्या घरचा घालू?"

"मेल्या, आता दवंडी पिटतोस?"

"कुणाला कळणार नाही गं. पण इकडे केंद्र निघालं, तर कुणाला बस बदलावी लागणार नाही."

आई अभ्र्याची गाठ बांधत राहिली, सोडत राहिली.

"लांबच्या दवाखान्यात जा, असं मीच सांगितलं होतं रे तिला," ती म्हणाली. "आण तिला घरी."

त्याने पत्ता बदलला, गणित पुन्हा चालवलं. गल्ली पांढरीच राहिली.

"एकट्या ठिपक्याने भाग लाल होत नाही, दादा," मॅडम हळूच म्हणाल्या. "शेजारीही लागतात."

शेजारी सगळे खोट्या पत्त्यांनी बसस्थानकामागे होते.

संध्याकाळी आई दारातल्या पायरीवर बसली होती.

"आली का रे?"

"आली."

केंद्राचं तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. आई जराशी सरकली. तो पायरीच्या दुसऱ्या कडेला टेकला, मध्ये एका माणसाची जागा ठेवून.