समईखालचा डाग

ठण्ण! दुपारच्या सामसुमीत देवघरात वाटी पडली आणि पाठोपाठ सासूबाई शांतम्मांचा आवाज चढला, "दाक्षी! संगमरवराचं तेज गेलं बघ! शिवलीस न्हवं तू?"

दाक्षायणी पडवीत बसली होती. तिचा तिसरा दिवस होता. मैंदर्गीला माहेरी असं बाजूला बसणं तिला ठाऊकच नव्हतं. इथं सोलापुरात, दिवाळीला देवघरात पांढरी फरशी बसली आणि शेजारणींचं पाहून शांतम्मांनी हा नेमही घरात आणला.

"मी उंबरासुद्धा ओलांडला नाही, आत्याबाई."

पण ऐकतंय कोण!

संध्याकाळी शांतम्मांचे थोरले भाऊ मल्लप्पा आले. दगड घासण्यात त्यांची हयात गेलेली. वाकून त्यांनी डागावर अंगठा फिरवला.

"गोल हाय की गं. समईच्या बुडाएवढा." मग ते दाराशी उभ्या दाक्षायणीकडे वळले. "पोरी, तू कॉलेजात दगडंच शिकत हुतीस न्हवं? सांग की!"

लग्नासाठी कॉलेज अर्ध्यावर सुटलं, त्यानंतरच्या सात वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं! ट्रंकेच्या तळातल्या वह्या, प्रयोगशाळेतला तो उग्र वास, भिंगाखाली साखरेसारखे चमकणारे कण... सारं एकदम जवळ आलं.

"मामा, हा मुळात चुनखडकच. जमिनीच्या पोटात उष्णतेनं, दाबानं त्याचे कण नव्यानं जुळतात. हे कण ज्या खनिजाचे, त्याला कॅल्साइट म्हणतात. दिसायला देखणं, पण मऊ. सुरीनं ओरखडतं, आंबटानं विरघळतं."

फरशीच्या उरलेल्या तुकड्याचा चुरा खरवडून तिनं वर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे फसफसले! तिच्या पाच वर्षांच्या शिवूनं टाळ्या पिटल्या.

शांतम्मा दुपारी पडलेल्या वाटीकडे बघत राहिल्या. वाटीला समई घासायची चिंच अजून चिकटलेली होती.

"समई मी जाग्यावरच घासते की रे, अण्णा..."

"काळ्या दगडानं सोसलं असतं, ह्यो न्हाय सोसत. आन् शांते, इटाळ कसला? गळ्यातलं लिंग आपल्या लिंगायत बायका त्या चार दिवसांत उतरवून ठेवतात व्हय? देव अंगावर चालतो, आन् फरशी तेवढी बाटती?"

शांतम्मांची मान खाली गेली. "चुकले गं बाई! ये, आत ये. आज दिवा तूच लाव."

वाचकहो, आपल्या अज्ञानाचा डाग आपण किती सहज घरातल्या बाईच्या माथी मारतो! दगड विचारल्याबरोबर खरं सांगतो. पण शिकलेल्या सुनेला विचारायलाच आपल्याला वर्षं लागतात. तेवढं विचारायला तरी शिकूया!

दाक्षायणीनं वात सारखी केली, काडी ओढली. तिच्या मांडीला टेकून बसलेल्या शिवूनं आईकडे वर पाहिलं.

"अव्वा, तुला एवढं येतं, मग तू कॉलेज का सोडलंस?"