अर्ध्या दिवसाचा आळ

मी एक जुना खडखड्या आहे. म्हणजे हातानं दांडा फिरवून आकडेमोड करायचं यंत्र. सोलापूरच्या ज्या सूतगिरणीत माझी हयात गेली, तिथं मला याच नावानं ओळखत. हजेरी कारकून सिद्धलिंगप्पा दांडा फिरवायचा आणि मी बेरीज द्यायचो. माझ्या आकड्यावर कधी कुणी शंका घेतली नाही, मित्रांनो.

चौऱ्याहत्तर साली गिरणीची हजेरी पुण्याच्या मोठ्या यंत्रावर न्यायचं ठरलं. आकडे भोकं पाडलेल्या कार्डांवर जायचे. काय ते कौतुक! कार्डांना हार घातला हो! आणि पहिल्याच वर्षाच्या बेरजा माझ्याशी जुळेनात.

बदली कामगार चंद्रव्वाचं तर नशीबच त्यात अडकलं. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की गिरणी कायम करायची. माझ्या हिशेबात तिचे दोनशे एक्केचाळीस, कार्डांच्या हिशेबात दोनशे अडतीस.

सिद्धलिंगप्पानं सगळे महिने माझ्यावर पुन्हा घेतले आणि चूक सापडली. त्या वर्षी वीजकपातीनं पाळी अर्ध्यावर सुटायची. मी तो अर्धा दिवस सांभाळून वर्षअखेर बेरीज देत असे. कार्डावर अर्ध्याला जागाच नव्हती, म्हणून तो दर महिन्याला गळायचा. चंद्रव्वाचे असे सहा अर्धे गेले.

त्यानं मॅनेजरसाहेबांना हे दाखवलं. साहेब चिडले.

"सगळी कार्डं पुन्हा पाडायची? वरच्यांना काय सांगू, पैसे पाण्यात गेले म्हणून? खडखड्याचे दाते झिजलेत, असं लिहून टाका."

सिद्धलिंगप्पाची बढती साहेबांच्याच हातात होती. त्यानं मान खाली घालून तसं लिहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

दुसऱ्या दिवशी चंद्रव्वा दारात आली. "अण्णा, तुमीच म्हणला हुता की दिवस भरलेत."

"मशीन बिघडलं होतं, बाई. जुनं झालंय."

ती माझ्याकडं वळली. "मेल्या डबड्या, उगं आशा लावलीस की रं मला!" आणि डोळ्याला पदर लावून निघून गेली. ते शिव्याशाप मला अजून झोंबतात.

आता मी भंगारात गंजत पडलोय. म्हातारपणी मोडीत निघालो, त्याचं काही नाही. पण मित्रांनो, उद्या तुम्हीही जुने आकडे नव्या यंत्रात भराल. जुळले नाहीत, तर जुन्याच्या माथी खापर फोडण्याआधी बघा, कुणाचं काय वाटेत सांडलं. आणि सापडलं तर मोठ्यानं सांगा. मला तोंड नव्हतं. सिद्धलिंगप्पाला होतं की!