ह्यांनी हिसकावलं नव्हतं

चाळिशी उलटली, अंगानं चांगली भरली, तरी दादा तिला चिमणीच म्हणायचा. नवऱ्यानंही तेच नाव उचललं. "दादा, तुमची चिमणी हल्ली खिडकीतून उडत नाही, दारातून जाते, तेही आडवी होऊन," असं तो म्हणायचा आणि दोघं टाळी देऊन हसायचे. बायकोच्या भावाशी एवढं मेतकूट जमलेला नवरा तिनं दुसरा पाहिला नव्हता. ती कपाळाला आठ्या घालायची, पण मनातून सुखावायची. मूलबाळ झालं नाही. घरात ती, नवरा आणि सासूबाई. हसायला बाहेरून कोणी येणार तो दादाच.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्या कामात तो महाकाटेकोर. मेन स्विच स्वतःच्या हातानं पाडायचा, फ्यूज काढून खिशात टाकायचा आणि मगच लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचा. वॉचमननं कितीही सांगितलं, "बंद केलंय हो," तरी हा पुन्हा वर जाऊन बघून यायचा.

दादा बँकेत गार्ड होता. बरीच वर्षं त्याच्या खांद्याला जुनी दुनळी बंदूक असायची. ती मधोमध दुमडली की नळ्या सताड उघड्या. आत काडतूस आहे की नाही ते आंधळ्यालाही कळावं. मग गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीनं सगळ्यांना पिस्तुलं दिली. चार दिवस शिकवलं, मैदानात थोड्या गोळ्या झाडायला लावल्या आणि झालं. दादाला ते पिस्तूल आवडलं नव्हतं. "कमरेला बांधलं तरी धाक वाटत नाही," तो म्हणायचा. "नुसतं टोचतं."

त्या दुपारी बँक लवकर बंद झाली. पिस्तूल एजन्सीच्या ऑफिसात जमा करायचं असा नियम होता. पण ऑफिसला कुलूप, साहेब लग्नाला गेलेले. दादा तसाच बहिणीकडे आला. सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. चिमणी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा नवरा दादाच्या मागे लागला होता.

"दाखवा की एकदा. कमरेला बांधून मिरवता नुसतं."

"खेळणं आहे का ते?"

"म्हणून तर बघायचंय. खेळणी आमच्या वाट्याला आली नाहीत."

दादा हसला. पिस्तूल काढलं, मुठीतून गोळ्यांचं मॅगझिन ओढून टेबलावर ठेवलं. "घ्या. आता हे नुसतं लोखंड."

नवऱ्यानं लगेच दोन्ही हात वर केले. डोळे मोठे करून म्हणाला, "मालक, घरातलं सगळं न्या, बायकोही न्या, पण आईला उठवू नका, फार बोलते!"

चिमणीच्या हातातला ट्रे हसण्यानं हिंदकळला. दादाही हसला आणि हसता हसता त्यानं पिस्तूल त्याच्यावर रोखून चाप दाबला.

आवाज एवढा मोठा झाला की तो त्या खोलीतला आहे हेच पटेना. नवऱ्याचे हात अजून वरच होते. शर्टावर काही सांडल्यावर माणूस जसा खाली बघतो तसं त्यानं छातीकडे बघितलं. "अहो, दादा..." एवढंच म्हणाला आणि खुर्चीच्या कडेला बसायला गेला, तो खालीच बसला.

दादानं टॉवेल दाबून धरला होता. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो एकच बोलत राहिला, "रिकामं होतं. रिकामं होतं गं, चिमणे." सासूबाई दारात उभ्या होत्या, केस सुटलेले, आणि विचारत होत्या, "काय पडलं? काय पडलं रे?"

दवाखान्यात पोचायच्या आधीच नवरा गेला.

दादाला पोलिसांनी नेलं, पुढे जामिनावर सोडलं. सासूबाईंनी चिमणीला घराबाहेर काढलं नाही. एवढंच म्हणाल्या, "तू माझीच आहेस, इथेच राहायचं. पण त्याचं नाव या घरात काढायचं नाही." तिनंही काढलं नाही. चष्म्याच्या दुकानात ती कामाला होती. तिथं काचा घासायची, फ्रेमा बसवायची आणि संध्याकाळी येऊन सासूबाईंसमोर जेवायला बसायची. मधली खुर्ची दोघींपैकी कुणीच हलवली नाही. नवरा गेल्याचं दुःख तिला चारचौघांत करता येत होतं. भाऊ गेल्याचं करता येत नव्हतं, कारण तो जिवंत होता.

खटला उभा राहिला तेव्हा वहिनी दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरवरचे चष्मे उगाच सारखे करत ती म्हणाली, "वकील म्हणतात, त्या खोलीत तू होतीस. तुझ्या शब्दावर सगळं आहे."

"मी काय सांगू?"

"जावईबापूंनी पिस्तूल हिसकावलं, ओढाताणीत उडालं. एवढंच."

चिमणीनं हातातली फ्रेम काउंटरवर ठेवली.

"ते गेले गं," वहिनी रडायला लागली. "त्यांना आता काय फरक पडणार आहे? तुझा भाऊ मात्र भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो. आत टाकलं तर तो बाहेर येणार नाही, मी सांगते तुला."

"दादानं सांगितलंय का असं बोलायला?"

"तो बोलतोय कुठं!"

चिमणी घरी आली ती डोकं जड करून. खरं सांगायचं तर तिचं मन वहिनीकडे झुकलं होतं. एक वाक्य तर होतं. आणि नवरा तरी काय म्हणाला असता? 'सांगून टाक, दादांना सोडव,' असंच म्हणाला असता तो. तिनं ते वाक्य आरशासमोर म्हणूनही बघितलं. ह्यांनी हिसकावलं. जीभ अडखळली नाही, याचीच तिला भीती वाटली.

पण असल्या गोष्टी लपत नाहीत. जिन्यात कुणीतरी सासूबाईंच्या कानावर घातलं. जेवताना त्यांनी हात थांबवला.

"लोक म्हणतात, त्यानं हिसकावलं. तू होतीस ना तिथं? मी मेली झोपले होते. मला आवाज तेवढा आला." त्यांचा आवाज बारीक झाला. "माझ्या मुलानं शेवटी काय केलं गं?"

इतक्या महिन्यांत हे त्यांनी विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं. आता तिनं सगळं सांगितलं. हात कसे वर केले, डोळे कसे केले, काय म्हणाला.

"आईला उठवू नका, फार बोलते," सासूबाई हळूच म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं. पोट धरून हसल्या. मग त्याच हसण्याचं रडणं झालं, आणि चिमणीनं त्यांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

कोर्टात तिच्याआधी शस्त्रांचा एक जाणकार बोलला. मॅगझिन काढलं तरी एक गोळी आत, नळीच्या मागच्या टोकाशी राहू शकते. वरचा भाग मागे ओढून आत डोळ्यांनी बघायचं असतं. आणि रिकामं आहे याची खात्री असली तरीही माणसाकडे रोखायचं नसतं, चापावर बोट ठेवायचं नसतं. तो अगदी सहज बोलत होता. चिमणीच्या मनात आलं, ह्यांनी लिफ्टमध्ये कधी कुणाच्या तोंडच्या शब्दावर पाय टाकला नाही. घरात टाकला. आपल्याच माणसाच्या शब्दावर.

मग तिला बोलावलं. दादाच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, "तुमच्या नवऱ्यानं पिस्तुलाला हात घातला होता, बरोबर?"

तिनं दादाकडे बघितलं. तो मान खाली घालून बसला होता. गालाची हाडं वर आली होती.

"नाही," ती म्हणाली. "त्यांचे दोन्ही हात वर होते. ते मस्करी करत होते. दादाही मस्करीच करत होता. त्याला वाटलं रिकामं आहे. त्यानं आत बघितलं नाही." आणि कुणी विचारलं नसताना म्हणाली, "ह्यांनी हिसकावलं नव्हतं. माझ्या भावाचा ह्यांच्यावर माझ्याइतकाच जीव होता. दोन्ही खरं आहे."

दादानं मान वर केली. कित्येक महिन्यांनी त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं. पाठीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखे त्याचे खांदे खाली आले.

त्याला शिक्षा झाली. वहिनीनं बोलणं टाकलं, आजही ती रस्ता ओलांडून पलीकडून जाते. तुरुंगात चिमणी भेटायला जायची. जाळीपलीकडून एकदा तो आपणहून म्हणाला, "मला हे शिकवलं होतं गं. पहिल्याच दिवशी. मी हो हो म्हणत होतो आणि मनात म्हणत होतो, मला काय शिकवता."

"पुरे, दादा."

"पुरे कसं? तू खोटं बोलली असतीस तर मी तिथंच उठून उभा राहणार होतो. तू बोललीस, बरं झालं. त्यांच्यावर बालंट आलं नाही."

सुटल्यावर तो एका गोदामात सामान मोजून घ्यायच्या कामाला लागला. एजन्सीत नवे गार्ड भरती झाले की तिथला शिकवणारा त्याला बोलावतो. पहिल्यांदा चिमणी सोबत गेली. बाकांवर कोवळी, दाढी नीट न फुटलेली पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारत बसली होती. दादानं सांगायला सुरुवात केली. "माझ्या बहिणीचा नवरा होता," एवढं म्हणाला, आणि पुढे शब्द निघेना. मग चिमणी उठली आणि उरलेलं तिनं सांगितलं. ती सांगत होती तेव्हा दादा तिच्याशेजारी उभा राहिला, बसला नाही. कोपरखळ्या थांबल्या. नंतर मुलांनी एकेक करून पिस्तूल जमिनीकडे धरलं, वरचा भाग मागे ओढला, आत बघितलं, शेजाऱ्यालाही दाखवलं. कुणी हसलं नाही.

ती घरी आली तेव्हा सासूबाई पलंगावर पाय चोळत बसल्या होत्या. कुठे गेली होतीस, त्यांनी विचारलं. तिनं खरं सांगितलं, नाव न काढता.

सासूबाई बराच वेळ पायच चोळत राहिल्या.

"तब्येत बरी आहे का त्याची?" त्यांनी विचारलं.

"खंगलाय."

"त्याला म्हणावं, दारापर्यंत यायला हरकत नाही." त्यांनी पाय वर घेतले आणि भिंतीकडे वळून पांघरूण ओढलं. "आत नको. आत मला नाही जमायचं."

पुढच्या रविवारी दादा आला. उंबऱ्याबाहेर, पायपुसण्याच्याही पलीकडे उभा राहिला. चिमणी बाहेर आली, दार तिनं मागे उघडंच ठेवलं, आणि दोघं भावंडं जिन्याच्या पायरीवर शेजारी शेजारी बसली.