टेलिफोनवालीचा खटला

आमच्या घरात मुलगा नाकारायची पद्धत नाही. नाकारायचं म्हणजे तोंडावर नाही म्हणायचं, आणि तेवढी छाती ना माझ्या नवऱ्याला आहे ना थोरल्या दिरांना. ते दोघं फक्त नक्कल करतात.

धाकटीचा, म्हणजे माझ्या नणंदेचा, मागचा एक होता बँकेतला. सज्जन, उंच, बूट दाराबाहेर जोडीनं नीट लावून आत येणारा. जेवणं झाल्यावर भाऊजींनी त्याला विचारलं, "त्या दशकातला तुमचा आवडता सिनेमा कोणता?" तो बिचारा जरासा खाकरला आणि म्हणाला, "तसे सगळेच चांगले असतात हो."

झालं. त्यानंतर या घरात भाजी कशी झालीये विचारलं की खाकरून उत्तर, "तशी सगळीच चांगली असते हो." पंखा बंद पडला, "तसे सगळेच पंखे चांगले असतात हो." मान तशीच एका बाजूला कललेली, आवाज तसाच मऊ. धाकटी आधी चिडायची. मग एक दिवस बाहेर कुठेतरी तो तिच्यासमोर बसून मनापासून काही सांगत होता, मध्येच खाकरला, आणि तिला हसू फुटलं. आवरेना. घरी येऊन माझ्याजवळ रडली. "ज्याच्याकडे बघून हसू येतं त्याच्याशी लग्न कसं करू गं वहिनी?"

नाहीच केलं. दोघं भाऊ म्हणाले, "आम्ही कुठे काय म्हटलं?"

ते दशक म्हणजे या दोघांच्या मिसरूड फुटण्याचं दशक. तेव्हा त्यांनी लागेल तो सिनेमा पाहिला, आणि त्यानंतर जगात सिनेमा निघालाच नाही असं त्यांचं ठाम मत आहे. भाऊजी रंगांच्या कारखान्यात छटा जुळवतात. दोन पांढऱ्यांतला जास्त पांढरा कोणता, हे ठरवण्याचा त्यांना पगार मिळतो. माझ्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. तो दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "हे स्पष्ट की हे? हे की हे?" करत असतो. रविवारी दोघांना सुट्टी असते, म्हणून दोघं घरी बसून तेच करतात.

त्याला ते खटला म्हणतात. दोन सिनेमे घ्यायचे, प्रत्येकाला एक वकील, आणि एक सिनेमा मेला पाहिजे. सिनेमांची नावं घ्यायची नाहीत, ते बाहेरच्या लोकांसाठी. घरात विहीरवाला, खाणवाला, आंधळ्या घड्याळजीचा, असं. आणि ज्याचा सिनेमा हरेल त्यानं उभं राहून कबुली द्यायची. म्हणजे ज्याची आतापर्यंत बाजू घेतली त्याच सिनेमाची स्वतःच्या तोंडानं लक्तरं काढायची, समोरचा "पुरे" म्हणेपर्यंत. लहानपणी हरलेला रुसून बसायचा, म्हणून हा नियम निघाला म्हणे. आता दोघांची पोटं सुटली, भाऊजींचं टक्कल पडलं, नियम तसाच. मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात उभं केलं होतं. मी म्हटलं, मला तो सिनेमा आवडतो, मी का शिव्या देऊ? दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी ताटात हात धुतले. तेव्हापासून मला प्रेक्षक म्हणून ठेवलंय. चहासकट.

नवा मुलगा धाकटीच्याच हॉस्पिटलातला. ती तिथे फिजिओथेरपी करते, तो एक्स-रे काढतो. हसरा, चटपटीत, हाताला काम दिसलं की उठणारा. मला आवडला होता. धाकटीबरोबर बाहेर भेटायचा तेव्हा माझ्या तान्ह्या लेकीला घेताना आधी हात एकमेकांवर चोळून गरम करायचा, यातच सगळं आलं असं मला तेव्हा वाटलं होतं. धाकटीला तर तो इतका आवडला होता की ती घाबरून गेली होती. कारण याची नक्कल सुरू झाली तर हाही जाईल, हे तिला माहीत होतं. तिनं त्याची तयारी करून घेतली. खाणवाला म्हण. विहीरवाल्याला नावं ठेवू नकोस, दादाचा जीव आहे त्यात. गाण्यांबद्दल बोलूच नकोस. रंग छान होते असं तर चुकूनही म्हणू नकोस, तो तासभर रंगांवर बोलेल.

"आणि हरलास तर कबुली दे, पण थोडक्यात," ती म्हणाली.

"अगं, परीक्षेला बसवतेयस की काय?"

"परीक्षेला बसला असतास तर मी निवांत झोपले असते."

रविवारी तो आला. जेवण झालं, गाद्या-लोड लागले, आणि भाऊजींनी चष्मा पुसत सुरुवात केली.

"मग? त्या दशकातलं काय आवडतं?"

"खाणवाला," तो म्हणाला. मग लोडाला टेकत, "पण मध्यंतरापर्यंतच. नंतर दिग्दर्शकाला आपण ग्रेट आहोत हे कळलं."

माझ्या नवऱ्यानं मांडीवर थाप मारली. हे धाकटीनं शिकवलेलं नव्हतं, हे त्याचं स्वतःचं. तिनं माझ्याकडे पाहिलं, चेहरा असा उजळलेला, की माझ्या मांडीवरची पोरगीही तिच्याकडे बघून हसली.

मग खटला उभा राहिला. खाणवाला विरुद्ध घड्याळजी, आणि घड्याळजीचा वकील माझा नवरा. एक्स-रेवाला उत्तम बोलला. नायक मेला तेव्हा टाळ्या वाजल्या होत्या त्या मरणाला नव्हत्या, सुटकेला होत्या, असं काहीतरी. दुसऱ्याच वाक्यापासून तो भाऊजींना दादा म्हणायला लागला. घड्याळजीच्या नायिकेला "हलता कोनाडा, आत दिवाच नाही" म्हणाला तेव्हा भाऊजी इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि मी पाणी आणायला उठले. घड्याळजी मेला. माझ्या नवऱ्यानं उभं राहून कबुली दिली, दर वेळी देतो तशी, लोणी लावल्यासारखी गुळगुळीत. ज्या सिनेमासाठी हा माणूस साखरपुड्याला उशिरा आला होता तो सिनेमा त्यानं पाच मिनिटांत कुत्र्यापुढे टाकला आणि वर घाम पुसून हसला. मला या कबुलीची किळस येते. आवडलेल्या गोष्टीवर थुंकता येणं याला हे लोक बुद्धी म्हणतात.

"पास," भाऊजी म्हणाले. उघड उघड. असं त्यांनी कुणालाच म्हटलं नव्हतं. धाकटीनं डोळे मिटून घेतले, देवापुढे उभी असल्यासारखी.

तिथेच थांबायला हवं होतं. पण भाऊजींना रंग चढला होता.

"आता गंमत म्हणून एक," ते म्हणाले. "याला टेलिफोनवाली देऊ. वाचवून दाखव म्हणावं."

"अरे, पहिल्याच दिवशी जीव घेता का पाहुण्याचा?" नवरा म्हणाला.

टेलिफोनवाली म्हणजे या घरातला हक्काचा पायपुसणं-सिनेमा. एक मुलगी टेलिफोनच्या ऑफिसात तारा जोडते. एक माणूस रोज लांबच्या गावी आजारी आईला फोन लावतो, आणि हिचा त्याच्या आवाजावर जीव जडतो. आई जाते, फोन थांबतो. मग जोडणीची यंत्रं येतात आणि हिचीही नोकरी जाते. संपलं. "अडीच तास एक बाई कानाला डबा लावून रडते," हे भाऊजींचं त्यावरचं ठरलेलं वाक्य. आणि हा धाकटीचा लाडका सिनेमा आहे, हेही सगळ्यांना माहीत. त्यावरून तिला किती वर्षं पिडलंय त्याला गणती नाही.

का लाडका, हे मात्र भावांना माहीत नव्हतं. ती शाळेत असताना सासूबाई तिला घेऊन या सिनेमाला गेल्या होत्या, दाताच्या डॉक्टरकडे जातो असं घरी सांगून. दोन दिवसांनी दुसऱ्यांदा गेल्या, दाढ अजून दुखतेय म्हणून. पोरं हसतील म्हणून चोरून. सासूबाई गेल्या, आणि धाकटीकडे आईचं एकटीचं असं जे काही उरलं त्यात ही दाढ आहे. मला तिनं ते माझ्या बाळंतपणात सांगितलं, एका दुपारी पोरीला थोपटता थोपटता. आणि या एक्स-रेवाल्याला सांगितलं होतं. दोघांनी मिळून तो सिनेमा त्याच्या खोलीवर पाहिलाही होता. तो रडला होता. तिथेच आपलं ठरलं, असं ती मला म्हणाली होती.

म्हणून भाऊजींनी टेलिफोनवालीचं नाव काढलं तेव्हा ती घाबरली नाही. उलट पुढे सरकून बसली. आज कुणीतरी पहिल्यांदाच तिच्या बाजूनं उभं राहणार होतं.

तो उभा राहिला. धाकटीकडे पाहिलं. मग भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी नुसती एक भुवई वर केली होती, बाकी काही नाही.

"दादा, खोटी केस मी घेत नाही," तो म्हणाला. "मी थेट कबुलीच देतो."

दोघं भाऊ ओरडलेच. खटला न चालवता कबुली, असं कधी झालंच नव्हतं.

आणि त्यानं दिली. नायिकेच्या नाकाचा एक्स-रे काढला तर आत नळ सापडेल म्हणाला. नायक इतका मठ्ठ की पलीकडे आई आहे की ऑपरेटर हेही त्याला कळत नाही. मग हातात अदृश्य फोन धरून नायिकेचा हुंदका काढून दाखवला, दोनदा, दुसऱ्या वेळी भाऊजींच्या खास मागणीवरून. माझा नवरा लोडावर आडवा पडला होता.

"पुरे," धाकटी म्हणाली.

"थांब थांब, शेवटचं," तो म्हणाला. "हा सिनेमा म्हणजे दादा, घरी दाताच्या डॉक्टरकडे जातो असं सांगून बघायचा सिनेमा. कारण बाहेर येताना चेहरा तसाच होतो!"

मी पोरीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. भावांना काय कळणार? त्यांना ते वाक्य फार आवडलं. भाऊजींनी तर ते लगेच दोनदा म्हणून पाहिलं, जिभेवर बसवायला.

धाकटी उठली. त्याचं हेल्मेट तिनंच आणून त्याच्या हातात दिलं. "चल, खाली सोडते."

पोरगी थांबेना म्हणून मी तिला घेऊन जिन्यात गेले. बाहेरच्या गार हवेत ती शांत होते. खालच्या वळणावर ती दोघं उभी होती.

"कसं झालं?" तो विचारत होता. आवाजात अजून हसू होतं.

"दाताचं का सांगितलंस?"

"कुणाला कळलं? त्यांना वाटलं माझंच डोकं."

"मला कळलं ना."

"अगं, खेळ होता तो. तूच म्हणालीस कबुली दे."

"थोडक्यात दे म्हणाले होते." मग, "तुला आवडला होता ना रे तो? खरं सांग."

"आवडला होता की. रडलो नव्हतो का तुझ्यासमोर?"

"मग?"

"मग काय मग? तिथे बसून ते बोललो असतो तर तुझ्या भावांनी मला जन्मभर सोडलं असतं का? तुलाच तर त्याची भीती होती. मी तुझ्यासाठी केलं."

ती कठड्यावरून बोट फिरवत राहिली. मला वाटलं, निवळतंय. आणि खरं सांगायचं तर निवळावं असंही वाटलं, कारण तो खोटं बोलत नव्हता.

"मला वाटायचं, ते तुला हसतील आणि मग मलाही तुझं हसू येईल," ती म्हणाली. "हसले असते तर परवडलं असतं. मला दोन भाऊ आहेत. तिसरा नको."

"असं काय करतेस? उद्या बोलू आपण."

"उद्या पेशंट आहेत."

तो अजून थोडा वेळ उभा राहिला, हेल्मेटची पट्टी लावत, काढत. मग गेला. धाकटी वर आली, माझ्या शेजारून, पोरीच्या टाळूवरून हात फिरवत.

आत पुढच्या रविवारचं ठरत होतं. "याला विहीरवाला द्यायचा," भाऊजी म्हणत होते, "पण विरुद्ध बाजूनं. बघू काय करतो. काय माणूस आणलास गं धाकटे!"

"तो येणार नाही."

"ड्युटी आहे?"

"लग्न नाही करायचं मला त्याच्याशी." आणि ती स्वयंपाकघरात भांडी घासायला गेली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. इतके दुखावलेले चेहरे मी सासूबाई गेल्या तेव्हाही पाहिले नव्हते. "पण आम्ही तर पास केला," माझा नवरा म्हणाला. मला विचारत होता, "हिला झालं तरी काय?"

सांगायचं नव्हतं मला. ती तिची गोष्ट होती. पण भाऊजी मागून गुणगुणल्यासारखं ते दाताच्या डॉक्टरचं वाक्य पुन्हा घोळवायला लागले, आणि माझं डोकं फिरलं. मी सगळं सांगितलं. दाढ, दोन्ही वेळा, सगळं. आवाज चढला असावा, कारण आतला नळ बंद झाला.

भाऊजींचं घोळवणं थांबलं. मला वाटलं, लागलं कुठेतरी.

"आई?" भाऊजी म्हणाले. "त्या सिनेमाला?"

"दोनदा," मी म्हटलं.

"दुसऱ्यांदा धाकटीनं हट्ट केला असेल," नवरा म्हणाला.

"पहिल्यांदाही," भाऊजी म्हणाले. "आईला चांगली जाण होती. विहीरवाला तिला आवडला होता."

"तिनं तसं म्हटलं होतं?"

"नावं ठेवली नव्हती."

धाकटी दारात येऊन उभी होती, हातांना फेस तसाच. "मध्यंतरानंतर ती सगळा वेळ रडत होती, दादा. पदर ओला झाला होता तिचा."

भाऊजी विचारात पडले. मी त्यांच्याकडे बघत होते. छटा जुळवताना कारखान्यात ते असेच दिसत असतील, मान किंचित तिरकी, एक डोळा बारीक.

"आईला तेव्हा चष्मा होता," ते अखेर म्हणाले. "आणि बाहेर जाताना ती लावायची नाही. तिला नीट दिसलंच नसणार."

"उणे तीन," माझा नवरा म्हणाला, दुकानात गिऱ्हाईकाला सांगतो त्या सुरात. "उणे तीनला पडद्यावर नुसते डाग दिसतात."

भाऊजींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. धाकटीनं हात ओढणीला पुसले, माझ्या खांद्यावरून पोरीला अलगद उचललं, आत नेलं आणि दार लावून घेतलं.